पोटातली धडधड

धरणगाव,
रविवार

प्रिय कामिनी,

काल शेवटचं इंजेक्शन झालं आणि हातातली सुई निघाली. सहा आठवड्यांनी हात मोकळा झाला, तर आधी हे पत्र लिहायला घेतलं. फोनवर मला हे बोलता आलं नसतं.

ताप रोज चढायचा, कंबर दुखायची. इथे सगळे टायफॉइड म्हणत होते, मीही गोळ्या गिळत होतो. तू धुळ्याहून, दवाखान्यातली ड्युटी संपवून नुसती बघायला आलीस. पोटावर हात ठेवलास आणि तो तिथेच राहिला. बेंबीजवळ काहीतरी धडधडत होतं. मला वाटलं, अंगावर मांस उरलं नाही म्हणून जाणवतंय. तू म्हणालीस, "भाऊ, आत्तेच निंघनं पडी." चहासुद्धा न घेता मला तसंच गाडीत घातलंस.

जळगावला सीटी स्कॅन झाल्यावर कळलं. पोटातल्या मुख्य धमनीची भिंत जंतूंनी पोखरली होती, ती फुग्यासारखी फुगली होती. केव्हाही फुटली असती. नाशिकहून सर्जन आले. कृत्रिम नळी बसवली तर तिलाही जंतू लागायची भीती, म्हणून सडलेला भाग कापून माझ्याच मांड्यांतल्या शिरांनी त्यांनी धमनी नव्याने जोडली. सात तास. तुझी वहिनी सांगते, तेवढा वेळ तू एकदाही बसली नाहीस. पुढे बारा दिवस माझ्या जखमा तूच पुसल्यास. मी कळवळून शिवी दिली तरी हात हलकाच ठेवलास.

परवा तपासताना डॉक्टर म्हणाले, "बहिणीने दोन दिवस उशीर केला असता, तर आपली भेट झाली नसती." मी मान हलवली. पण मला ते ऐकवेना.

कामिनी, तू बारावी झालीस त्या वर्षी नर्सिंग कॉलेजचं प्रवेशाचं पत्र आलं होतं. तुला वाटलं तसं ते पोस्टात हरवलं नव्हतं. आपल्या घरच्या मुलीने परक्यांची अंगं पुसायची, भाऊबंद काय म्हणतील, म्हणून मी ते चुलीत घातलं. महिनाभर तू ओट्यावर पोस्टमनची वाट बघत बसायचीस आणि मी शेजारून जायचो. पुढच्या वर्षीचं पत्र वडिलांच्या हाती पडलं, म्हणून आज मी आहे. हे लपवून तुझे आभार मानले, तर ते खोटेच. रागाव, हवं तितकं रागाव. फक्त इथे येऊन रागाव. मी आता दारापर्यंत चालत येतो.

तुझाच,
कौतिकभाऊ