तिलाच ऊन सोसत नाही

आदिलाबाद,
रथसप्तमी, रविवार, २५ जानेवारी २०२६

सौ. बयनाबाई विहीणबाईंना तुळजाबाईचा नमस्कार.

तुम्ही, भाऊ आणि मुलं खुशाल असाल. इकडे थंडी अजून हटत नाही. ह्यांचं भांड्यांचं दुकान बरं चाललं आहे, लग्नसराईची गिऱ्हाइकं आतापासूनच येऊन पातेली वाजवून बघतात. तुम्ही पाठवलेली ज्वारी फार गोड निघाली. हे पत्र तुमचा जावई सुरेंद्रच घेऊन येतो आहे. आधी त्याला पाणी द्या, मग वाचा.

हाताशी फोन असताना पत्र काऊन, असं तुम्ही म्हणाल. फोनवर तुमचा आवाज ऐकला की मी खोटं बोलते. मागच्या आठवड्यात तुमचा फोन आला तेव्हा तुमची दीपमाला शेजारी हळदीकुंकवाला गेली आहे, असं मी म्हणाले. ती दवाखान्यात होती, नाकाला ऑक्सिजन लावलेला. मी बाहेरच्या बाकावर बसून तुमच्याशी तिळगूळ किती कडक झाला ते बोलत होते.

घाबरू नका. काल तिला घरी आणलं. न्यूमोनिया झाला होता. ताप उतरला आहे, धाप कमी आहे, थोडं थोडं जेवते.

सपना हे वाचून दाखवत असेल. सपना, पुढचं काही गाळू नकोस बाई. तुझ्या आईला सगळं ऐकू दे.

दीपमाला लग्न होऊन आली तेव्हा उन्हाने रापलेली होती. मला पोर आवडली होती, पण गल्लीतल्या बायका म्हणाल्या, तुमची सून कापूस वेचणारी दिसते. ते मला झोंबलं. पहिल्या संक्रांतीला सुनेला काळी साडी नेसवून चारचौघींत बसवायचं असतं. तोवर हिला उजळ करून दाखवतेच, असा मी हट्ट धरला. दूध-बेसन लावलं तिथवर ठीक होतं. पण मी तिचं अंगणात आणि गच्चीवर जाणंच बंद केलं. कपडे मी वाळत घालायची, वाळवण मी राखायची. सासू सुनेला किती जपते, असं लोक म्हणायचे, आणि मी म्हणू द्यायची.

आमच्या मागच्या खिडकीतून सकाळी जमिनीवर उन्हाचा पट्टा येतो. ती तूर निवडायला नेमकी तिथे बसायची, ऊन सरकलं की सुपासकट सरकायची. मी त्या खिडकीला जाड पडदा शिवून लावला. ती सूप घेऊन दिव्याखाली जाऊन बसली.

थंडी पडली तसा खोकला लागला. काढ्याने कमी व्हायचा, परत यायचा. संक्रांतीला अंगात कणकण होती. मी म्हणाले, हळदीकुंकू होऊ दे, मग डॉक्टरकडे जाऊ. काळ्या साडीत सून किती उजळ दिसते असं बायका म्हणाल्या आणि मी फुशारले. पोर पांढरी फटक पडली होती हे त्यांतल्या एकीलाही दिसलं नाही, मला तर नाहीच. दुसऱ्या दिवशी तिला श्वास पुरेना.

दवाखान्यात रक्त तपासलं. व्हिटॅमिन डी इतकं कमी निघालं की डॉक्टरीणबाईंनी कागद पुन्हा पाहिला. म्हणाल्या, "अम्मा, सिर्फ इसी से निमोनिया हुआ, ऐसा मैं नहीं बोलूंगी." रोगाचा जंतू वेगळाच असतो. पण हे कमी असलं तर शरीराला त्याच्याशी लढणं जड जातं, आणि छातीत उठलेली सूजही लवकर आवरत नाही, असं त्यांनी समजावलं. मग विचारलं, "ये लडकी धूप में नहीं जाती क्या?"

सुरेंद्रने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं. दीपमालाच दम घेत घेत बोलली, "मलेच ऊन सोसत नाई, मॅडम. घरचे तर जा म्हन्तात."

विहीणबाई, ते वाक्य माझं आहे. इथवर येईपर्यंत मी तेच लिहायचं टाळत होते.

कापसाची वेचणी लागली तेव्हा तुमचा लखन तिला न्यायला आला होता. "मावशी, ताईले न्याले आलो. माय वाट पाहून राह्यली." मी त्याला चहा दिला आणि ओसरीवरूनच वाटेला लावला. म्हणाले, "तिलेच ऊन सोसत नाई बापू आता. येत नाई म्हन्ते." आत दीपमाला भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज थांबला, आणि थोड्या वेळाने परत सुरू झाला.

शहरात जाऊन पोर मातली, असं तुम्हाला वाटलं असणार. त्यानंतर तुम्ही फोनवर तिच्याशी तुटक बोलायचात, ते मला शेजारच्या खोलीत कळायचं. तरी मी गप्प बसले. आणि त्याच माझ्या खोट्याने तिने मला डॉक्टरीणबाईंपुढे वाचवलं. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

आज सकाळी पडदा काढला आणि तिला अंगणात खुर्चीवर बसवलं. डॉक्टरीणबाईंनी पुड्या दिल्या आहेत, त्या दुधातून देते. आज गल्लीतलं शेवटचं हळदीकुंकू, बायका आमच्या दारावरून जाताना बघत होत्या, बघू दिलं. दीपमालाने पाय उन्हात लांब केले आणि विचारलं, "आई, किती वेळ बसू?" मी आत जाऊन रडले.

आठवडाभराने प्रवास चालेल म्हणतात. लखनला पाठवा. या वेळी त्याने मला काही विचारू नये, सरळ तिच्याजवळ जावं. तिला हवं तितकं राहू द्या. परत यायचं नाही असं ती म्हणाली, तर मी सुरेंद्रची समजूत घालीन, तिची नाही. मला काय बोलायचं ते बोला, तुमचा हक्क आहे. फक्त तिच्याशी तुटक बोलू नका. लखन आला त्या दिवशी ती यायला निघालीच होती. तिची पिशवी भरून दाराआड ठेवलेली होती. तो गेल्यावर मीच ती रिकामी केली आणि तिच्या साड्या घडी घालून परत कपाटात ठेवल्या.

तुमच्या लेकीच्या तोंडून स्वतःचं खोटं ऐकलेली,
तुळजा