ओवीच्या डोक्याला तेल

गुंजी, गुरुवार

प्रिय आक्का,

पत्र बघून तू घाबरशील, म्हणून आधीच सांगते, सगळी धडधाकट आहेत. म्हणजे ओवीच्या बाबांच्या मनगटाला प्लास्टर आहे, पण ते पुढं सांगते. फोन का केला नाही म्हणशील, तर आमच्या घरात रेंज फक्त बाहेरच्या सोप्यात येते आणि सोप्यात सासूबाई बसलेल्या असतात. त्या म्हणतात त्यांना ऐकू कमी येतं. पण मी तुझ्याशी बोलायला लागले की त्यांचे कान कसे दुरुस्त होतात कोण जाणे. त्यांना वाचता मात्र येत नाही, तेव्हा लिहिलेलं बरं.

मला तुझ्याशी बोलायचं आहे ते ओवीच्या डोक्याबद्दल. हसू नकोस. डोकं कोरडं पडलं, पांढरे पापुद्रे निघायला लागले, तर तेल लावावं की लावू नये, या एका गोष्टीवरून आमच्या घरात दसऱ्यापासून कुणी कुणाशी धड बोलत नाही. उन्हाळ्यात तिचं डोकं खाजायला लागलं तेव्हा तुला फोनवर सांगितलं होतं. तेव्हाच तू शहापूरहून ती चिकट हेअर क्रीमची डबी पाठवलीस. सासूबाई तर रोज माझ्या मागं, "वाळवाण झालंय पोरीचं डोस्कं, तेल घाल गं, तेल घाल." मी शिकलेली ना! मी तिला खानापूरला डॉक्टरांकडं नेलं. ते म्हणाले, हा कोंडा आहे, टाळूवर तेल थापून ठेवू नका, त्यानं वाढतो. औषधी शाम्पू लावा, आणि केस फार रुक्ष वाटले तर नुसत्या केसांना, खालच्या टोकांना, थोडं तेल लावून विंचरत जा. यातलं पहिलं वाक्य मी घरी येऊन सासूबाईंना तीनदा ऐकवलं. केसांच्या टोकांचं माझ्याच डोक्यात राहिलं नाही. तेलाची बाटली वरच्या फळीवर गेली आणि तुझी डबी कपाटात.

मग श्रावणात तिला टायफॉइड झाला. तापात पोर नुसती पडून होती, डोक्याला हात लावला तरी रडायची. मी म्हटलं, राहू दे, बरी झाली की बघू. केस रबरात गुंडाळून ठेवले. आधीच गवतासारखे कोरडे, त्यात घाम आणि उशीचं घासणं. ताप उतरल्यावर पहिल्यांदा न्हायला घातलं तर मानेवर, खालच्या बाजूला, अंगठ्याएवढा गुंता. नुसता गुंता नाही गं, वाकळेच्या कोपऱ्यासारखा घट्ट. मी फणी आणायला उठले आणि तेवढ्यात सासूबाई गरम पाण्याची बादली घेऊन आत आल्या. त्यांनी बादली खाली ठेवली, पदर डोक्यावरून घेतला आणि ओवीला, आपल्या नातीला, हात जोडले.

"हात लावू नगो रचना. यल्लम्मा आलीया तिच्या केसात."

तेव्हापासून उलटी गंगा. तेल घाल म्हणणारी बाई तेलाला शिवू देत नाही, आणि नको नको म्हणणारी मी बाटली घेऊन फिरते आहे. दसऱ्याला शेजारच्या गावची जोगतीण येऊन बघून गेली. तिनं गुंत्याला हळद-कुंकू लावलं आणि मार्गशीर्षाच्या पुनवेला पोरीला यल्लम्माच्या डोंगरावर घेऊन या म्हणाली. आता मंगळवार-शुक्रवार सासूबाई तिच्या मानेला कुंकू लावतात. फणी बंद, तेल बंद, शाम्पूही बंद. अंगठ्याएवढी होती ती जट आता वीतभर झाली आहे. कोरड्या केसाला फणी लागली नाही तर दुसरं काय होणार? पण जितकी वाढते तितकी त्यांची खात्री पटत जाते.

आक्का, सासूबाई वाईट बाई नाहीत, हे तुला ठाऊक आहे. टायफॉइडमध्ये ओवीच्या उशाशी माझ्याइतक्याच त्या बसल्या. मला म्हणतात, "आता कोण सोडतंय पोरीला देवीला? तसलं काय न्हाय. सरकारनं बंद केलंय ते. नुस्ती जट ठिवायची, पुनवेला परडी भरायची. लगीन बी करू की." खरंच तसं वाटतं त्यांना. भीतीनं वाटतं. ओवी मरता मरता वाचली ती देवीनं वाचवली आणि ही तिची खूण, असा त्यांचा हिशेब. हे म्हणतात, आईच्या मनाविरुद्ध कशाला, वर्षभर ठेवू, मग हळूच बघू. वर्षभर! शाळेत पोरी तिच्याशेजारी बसत नाहीत. बाईंनी दोन वेण्या, लाल रिबिनी घालून यायला सांगितलं, तर ही रिबिनी मुठीत धरून परत आली. पुनवेला डोंगरावर जाऊन जट देवीच्या नावानं झाली, की या गावात कुणाची टाप आहे तिला हात लावायची? त्याआधी काय ते व्हायला हवं.

माझा देवीवर राग नाही. आपण दोघींनी लहानपणी डोंगरावर बैलगाडीतून जाऊन भंडारा उधळलाय, मला अजून तो वास आला की बरं वाटतं. पण आपल्या घरात जट कशी असते ते तू आणि मी बघितलं आहे. मालू आत्याची मान तुला आठवते? कायम डाव्या अंगाला कललेली. कमरेपर्यंतचा तो जड दोर, पावसाळ्यात वाळायचाच नाही. पाठीवर झोपता येत नाही म्हणून ती भिंतीला टेकून डुलक्या घ्यायची आणि आप्पांच्या बैलांना शिंगं असतात तशी आपल्या आत्याला जट असते, असं मला वाटायचं. खाज सुटली की ती बांगडी काढून तिच्या कडेनं आत खाजवायची.

तिला तेल तू घातलंस. तुझं तेरावं वरीस होतं. घरातली सगळी भात मळायला खळ्यावर गेली होती आणि तू वाटीत खोबरेल कोमट करून आत्याच्या मागं बसलीस. मी उंबऱ्यात होते. जट सुटेल असं तुलाही वाटलं नसणार, तू नुसती तिची टाळू चोळत होतीस, जटेच्या मुळाशी बोटं घालून घालून. आत्यानं डोळे मिटले होते आणि ती काहीतरी गुणगुणत होती. मी तिला त्याआधी कधी गुणगुणताना ऐकलं नव्हतं, नंतरही नाही. आणि त्याच दिवशी संध्याकाळी आप्पा माळ्यावर गवत टाकताना शिडीवरून पडले, पाय मोडला. आत्याच्या डोक्याला तेलाचा वास येतच होता. पुढचं मी लिहीत नाही. ओल्या परकरात तुला परडी घेऊन दारोदार फिरवलं ते तुझ्यापेक्षा जास्त कुणाला आठवणार?

त्यानंतर तू कुणाच्याच डोक्याला तेल लावलं नाहीस. तुला वाटतं हे कुणाच्या लक्षात आलं नाही. आई आजारी असताना तिचं सगळं केलंस, पण वेणी घालायची वेळ आली की मला हाक मारायचीस. निशांत झाला तेव्हा बाळाची टाळू भरायला तू शेजारणीला बोलावलंस. दिवाळीत पहिल्या आंघोळीला तुला कोणी तेल लावायला आलं की तुला सर्दी झालेली असते, इतक्या वर्षांत दर दिवाळीला सर्दी. तुझ्या सासूबाई मला म्हणाल्या होत्या, विनोदिनीला तेलाचा वासच सोसत नाही. मी मान डोलावली. तुझे केस बघ कसे झालेत, भांगात टाळू पांढरी पडली आहे. दुसऱ्यांना डब्या पाठवतेस.

आता कालचं सांगते. सासूबाई लग्नाला गेल्या होत्या, संध्याकाळपर्यंत येणार नव्हत्या. मी बुधवार मुद्दाम धरला. मंगळवार नको आणि शुक्रवार नको, म्हणजे बघ, बी.ए. झालेली तुझी बहीण देवीचे वार चुकवून देवीची जट सोडवायला बसली. मोरीत पाटावर ओवीला बसवलं, खोबरेल कोमट केलं, त्यात तुझी क्रीमही कालवली. आधी नुसतं मुरू दिलं. मग खालच्या टोकाकडून विणायच्या सुईनं एकेक केस मोकळा करत गेले. आणि सुटत होती गं आक्का! वरून दगड वाटते, पण तेल आत गेलं की केस केसाला सोडतो. दोन बोटं सुटली. ओवी म्हणाली, "मम्मी, गार गार वाटतंय." आम्ही दोघी हसलो पण.

तेवढ्यात फोन वाजला. हे लोंढ्याहून येताना वळणावर खडीवरून मोटारसायकल घसरली, मनगट मोडलं. त्या वळणावर महिन्यात चार जण पडतात, रस्त्याचं काम अर्धवट टाकलं आहे, हे मला माहीत आहे. महादेव भावजी तिथंच गेल्या आठवड्यात पडले होते, त्यांनी कुणाची जट सोडवली नव्हती. हे सगळं मला त्या क्षणीही कळत होतं. पण माझ्या तेलकट हातातली सुई खाली पडली ती पडलीच. मी ओवीच्या डोक्याला फडकं गुंडाळलं. आणि ती माझ्याकडं बघून म्हणाली, "माझ्यामुळं पडले बाबा?"

मी नाही म्हटलं. पण लगेच नाही म्हटलं नाही. त्या मधल्या वेळात तिनं माझा चेहरा वाचला. तुझा चेहरा तसाच होता गं, आप्पांना उचलून आणलं तेव्हा, वाटी हातात धरून चुलीपाशी उभी होतीस. काल रात्रभर ती यांच्या अंथरुणाजवळ गेली नाही. आज सकाळी फडकं आपणच घट्ट बांधून बसली आहे आणि मी फणी उचलली की किंचाळते. सासूबाईंनी नुसतं फडक्याचा वास घेतला आणि देव्हाऱ्यापुढं जाऊन बसल्या. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी आज पुन्हा वाटी घेतली आणि तेल न ओतताच फळीवर ठेवून दिली. मला माझीच चीड आली, पण हात काही ऐकत नाही.

आणखी एक. गेल्या आठवड्यात मी नंदगडला माहेरी जाऊन आले. आप्पांनी विहीणबाईंना चार शब्द सांगावेत म्हणून गेले होते. त्यांनी ऐकून घेतलं, आपला वाकडा पाय चोळत बसले आणि मग जे बोलले ते तुला तसंच सांगते. म्हणाले, "शिडीची वरची पायरी कुजलीती. मला ठावं व्हतं. उद्या बदलतो, उद्या बदलतो म्हणत ऱ्हायलो." मी विचारलं, मग तेव्हा का नाही बोललात? तर म्हणाले, "समदी देवी कोपली म्हणालीती. त्यात माझा आळस कुठं सांगू? विनूला सांग." एवढंच म्हणाले. सत्तरी ओलांडलेल्या माणसावर काय रागवायचं, पण मी रागावले, चहा न घेता उठले. तू पण रागाव. नंतर वाटलं तर माफ कर.

आता तुला हे पत्र का, ते सांगते. महादेव भावजी शनिवारी सकाळच्या गाडीनं बेळगावला निघालेत. त्यांच्याबरोबर ओवी येईल, ते तिला शहापूरला तुझ्या दारात सोडतील, हे पत्र तिच्याच पिशवीत आहे. सासूबाईंना मावशीकडं चार दिवस जाते एवढंच सांगेन. मी येत नाही. यांचा हात प्लास्टरमध्ये आहे आणि ती परत येईल तेव्हा सासूबाईंपुढं उभं राहायला मी इथं असायला हवी. तिची जट तू सोडव. सगळ्या जगात मी हे तुलाच सांगावं हा अन्याय आहे, ठाऊक आहे मला. पण दिवसभर साड्यांच्या पदरांना गोंडे बांधणारे तुझे हात आहेत, गुंता तोडायचा नसतो हे त्यांना कळतं. आणि माझ्यामुळं झालं का, असं तिनं तुला विचारलं, तर तू जे सांगशील ते तिला पटेल, माझं पटणार नाही. आधी तिला शिडीची गोष्ट सांग. टाळूला थापू नकोस, केसांना लाव, मुरू दे, खालून सुरुवात कर. तिला घाबरल्यासारखं झालं तर तिच्या हातात वाटी दे आणि तिला तुझ्या डोक्याला लावू दे. तू नाही म्हणू नकोस.

तुझं काम होईपर्यंत मी फोन करणार नाही. इकडं कुणी पडलं, म्हैस आटली, अगदी काहीही झालं तरी त्या दिवशी तुला कळवणार नाही, आणि तूही विचारायचं नाहीस. तिला दोन वेण्या घालूनच पाठव. लाल रिबिनी पिशवीच्या तळाशी आहेत, तिनं मुठीत धरून चुरगाळल्यात, जरा इस्त्री फिरव.

तुझ्या हातांची वाट बघणारी, तुझीच
रचना