मापाचे हातमोजे

ता. ३

ती. ताईस,

सा. न. वि. वि. तुझे कान गेल्यापासून फोनची सोय राहिली नाही, म्हणून लिहितो. नाहीतर फोनवरच धाय मोकलून रडलो असतो.

गाडी दारात उभी आहे. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने ब्रेकचा गळका पाइप बदलला, बाकीचं काम अर्धवट टाकलं आणि गॅरेजला कुलूप लावून लेकीकडे निघून गेला. आता पेडल दाबलं की सरळ तळाला जातं. हिला एक दिवसाआड डायलिसिसला न्यावं लागतं, आणि आमचा चढ बघून टॅक्सीवाले तोंड फिरवतात. सध्या शेजारी नेतात, पण पुढच्या आठवड्यात ते गावाला चाललेत.

शेवटी मीच कंबर कसली. दुकानातली सगळ्यात चकचकीत पान्यांची पेटी आणली, जाडजूड हातमोजे आणले. पहिल्याच झटक्याला पाना घसरला, बोटं सोलवटली. मोजे इतके ढगळ की हातात नट आहे की पडला, तेही कळत नाही.

पण खरं दुखणं वेगळंच आहे. काल ही अगदी शांतपणे म्हणाली की गाडी बंद पडली ते बरंच झालं, शेजारी गेले की मला कुठे नेऊ नका, मी दमले. मी आधी ओरडलो, मग हातापाया पडलो. ती भिंतीकडे तोंड करून निजली. ताई, बाबांच्या गॅरेजात तू इंजिनं उतरवायचीस आणि मी नुसता टायरवर उड्या मारायचो. तू ये. जमत नसेल तर निदान कोणती हत्यारं घेऊ ते सांग.

तुझ्या मायेच्या टेकूवर उभा असलेला,
ठोंब्या

ता. ६

चि. ठोंब्यास,

अनेक आशीर्वाद. पत्र वाचून ताट बाजूला सारलं. मला येववत नाही रे, गुडघ्यांनी संप पुकारलाय. स्वतःचाच राग येतो.

ती चकचकीत पेटी दुकानदाराच्या डोक्यात घाल. दिसतं तसं नसतं, म्हणून तर जग फसतं. बाबांचे रिंग पाने पाठवतेय. सहा कोनांचाच वापर, तो नटाला सगळीकडून धरतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाशील तर याद राख, खाली लोखंडी टेकू, ते घोडे, लाव. आणि इंजिन चालू असताना मोजे घालून पंख्याजवळ हात न्यायचा नाही.

पाइपात हवा शिरली आहे. ती काढायला दोघं लागतात. एकानं पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकाजवळची बारीक निपल ढिली करून हवा सोडायची. ती पुन्हा आवळेपर्यंत पेडलवरचा पाय उचलता कामा नये. चारही चाकांना असंच. आवळताना जोर लावलास तर निपल मोडेल. घाबरलेला माणूस नेहमी जास्त आवळतो, आणि तू जन्माचा घाबरट.

मोजेही पाठवतेय, मापाचे. बाबांची परीक्षा आठवते ना? मोजा घालून जमिनीवरचा वॉशर उचलता आला तरच तो आपला. भावजयीला आशीर्वाद सांग. समजूत मात्र घालू नकोस, ते तुझं काम नव्हे.

लोभ आहेच, बोलणीही आहेतच.
तुझी ताई

ता. ११

ती. वन्सं,

शि. सा. न. वि. वि. या खेपेला मी लिहितेय, कारण टाकीत ब्रेक ऑइल ओतून ओतून यांचे हात बरबटलेत.

पार्सल आलं. यांनी मोजे चढवायला घेतले तर अंगठ्याच्या पुढे जाईनात. हे मटकन खाली बसले, म्हणाले की ताईला मी अजून शाळकरीच वाटतो, आता संपलं सगळं. या माणसाला इतकं हरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. माझ्या दुखण्यापेक्षा ते जास्त लागलं.

मी उगाच एक मोजा घालून पाहिला. वॉशर उचलला गेला.

मग हे पेडलवर आणि मी चाकाजवळ स्टुलावर. डाव्या हाताला जोर द्यायचा नाही, तिथे सुया टोचतात. उजव्यानेच केलं. मी सोडते म्हटलं की यांनी दाबून धरायचं, आवळलं म्हटलं की पाय उचलायचा. निपलला लावलेल्या नळीतून बुडबुडे यायचे, मग नुसतं ऑइल. तिसऱ्या चाकाला मला रडू फुटलं. इतके दिवस सगळे माझंच काहीतरी करत होते, वन्सं. माझ्या हातून काही होतच नव्हतं.

पेडल आता दगडासारखं लागतं. गल्लीत हळू चालवून पाहिलं, गाडी जागच्या जागी थांबली. हे म्हणतात मोजे तुम्ही चुकून लहान मापाचे पाठवलेत. मी म्हटलं, असेल.

शेजारी आज गेले. उद्या येणार ना, असं यांनी चाचरत विचारलं. मी सांगितलं की ब्रेक मी केलाय, तर उतारावर तो धरतो का ते बघायला मलाच बसायला हवं.

तुमची माया अशीच मापाची असू द्यावी. पाने परत पाठवीन, मोजे नाही. ते मला लागणार आहेत.

तुमची भावजय