वाचून दाखवल्याशिवाय अंगठा नाही

अब्बा, आज तुमचा तो बुद्धिबळाचा गेम कॉम्प्युटरवर विकत घेतला आणि खेळण्याआधी त्याचा सगळा करार मोठ्यानं वाचला. घरात ऐकायला कोणी नव्हतं. तरी वाचला, कारण रजिस्ट्री कचेरीबाहेर दस्त लिहिताना तुम्ही कोणाचाच अंगठा वाचून दाखवल्याशिवाय घेतला नाहीत.

तुमचे खेळातले दोस्त वारले, पट कपाटावर गेला, आणि तुम्ही पुंडलिकनगरच्या घरात दुपारभर खिडकीशी नुसते बसून राहायचात. मला बघवेना. मी शाळेत कॉम्प्युटर शिकवायचे. तिथल्या एका बाईंकडून गेमची सीडी कॉपी करून आणली. तुम्ही चष्मा पुसून खुर्ची ओढता. पडद्यावर इंग्रजी मजकूर येतो, मी घाईनं म्हणते, "इथं दाबा, अब्बा." तुम्ही माऊसवरचा हात काढून घेता. "पहिले वाचून दाखव. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी इंग्रजी कशाला शिकवलं तुला?"

मी वाचून मराठीत सांगत गेले. प्रत काढू नये, या कलमाशी आवाज आपोआप खाली आला. तुम्ही सीडी बाहेर काढायला लावली आणि तिच्यावरचं स्केचपेनचं अक्षर पाहिलं.

"ही तर तुझ्या हातची दिसते."

"सगळेच करतात, अब्बा. बनवणाऱ्याला काय कळतंय?"

"सगळ्यांचे दस्त मी नाय लिहीत, बेटा. तो समोर नाय म्हणून त्याची अट मिटली का? अंगठा तर माझाच ना?"

तेव्हा राग आला होता. पण पुढे फ्लॅटच्या कागदांतलं एक घातक कलम मी त्याच सवयीनं पकडलं. मुलींना वर्गात पहिल्या दिवशी तेच शिकवत आले. ही सगळी तुमची देणगी.

आठवड्यानं मी गेमची छापील डबी आणली. "अस्सल आहे?" "व्हय, अब्बा." तुम्ही हसलात आणि बोटाऐवजी अंगठ्यानं बटण दाबलंत. मग रोजच्या दुपारी तुमचा आवाज, "लई चालू आहे हा मशीनवाला, घोडा खाल्ला माझा!" शेवटच्या आजारापर्यंत तुम्ही हरत होतात आणि खूश होतात.

आजही मी अंगठ्यानंच दाबलं. हा कागद त्या जुन्या डबीत घडी करून ठेवते आहे. अस्सल सीडी शहरात कुठंच मिळाली नव्हती, अब्बा, आणि तुम्ही रोज विचारत होतात. डबीत तीच कॉपी केलेली सीडी होती. माझ्या अक्षरावर मी लेबल चिकटवलं होतं.