एका टबातली कोसंबरी

३० मार्च, पाडवा
यंदा रामनवमीची कोसंबरी माझ्याकडे! येलहंक्यातल्या आमच्या गल्लीत दरवर्षी गिरीराजच करायचा. भिजवलेली मूगडाळ, काकडी, गाजर, खोबरं. त्यात करायचं काय असतं? मंडळात भांडून मागून घेतली. गिरीराजला पानक दिलंय, बसेल गूळ ढवळत. एकदा माझ्या हातची खाल्ली की कायमचं मलाच देतील. निश्चय: बायकोची, भाग्यलक्ष्मीची, मदत घ्यायची नाही.

२ एप्रिल
आमची लेक चंदना हेब्बाळला खाण्याचे पदार्थ तपासायच्या लॅबमध्ये आहे, त्यामुळे घरात जेवायची चोरी. म्हणे कच्च्या भाजीवर बॅक्टेरिया असतात, वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा, चिरली की फ्रिजमध्ये ठेवा. शहाजीराजांबरोबर बंगळुरात आलेलं घराणं आमचं! तेव्हापासून कच्ची काकडी खातोय. या पोटांना आता ही पोर शिकवणार.

५ एप्रिल, संध्याकाळ
पाण्याचा टँकर आलाच नाही. पण डोकं चालवलं. एकच टब भरला आणि पोतंभर काकडी, गाजरं, कोथिंबीर, सगळं त्यातच धुतलं. शेवटी पाणी चहासारखं झालं. म्हणजे घाण निघाली ना! तेच पाणी कढीपत्त्याला घातलं. चंदनाचं म्हणणं, एका काकडीची घाण आता सगळ्यांना लागली. मी सरी सरी, बरं बरं म्हटलं आणि चिरायला बसलो.
कालवून झाली. पातेलं फ्रिजमध्ये मावेना. अंगणात ओल्या फडक्याखाली ठेवलंय. उकाडा आहे, पण स्वल्प वारा आहे की.

६ एप्रिल, रामनवमी
पहाटे दोन वाट्या चव पाहिली. उपवास आहे, पण चव बघणं त्यात धरत नाहीत. फक्कड! मग मांडव बांधायला गेलो. पातेलं भाग्यलक्ष्मीने पाठवलं, तेवढं तिला करू दिलं.
दुपारी फडशा! गिरीराजने दोनदा मागून घेतली. मीही खाल्ली, पहाटेपेक्षा चांगली लागली. मुरली ना. गल्लीत एकाचंही पोट दुखलं नाही. चंदनाला तोंडावर सांगितलं. तिने आणखी एक वाटी वाढून घेतली.

७ एप्रिल
काल संध्याकाळपासून संडासात. ताप. हे गिरीराजचं पानकच! जळतो मेला माझ्यावर. मंडळात तक्रार करणार. उठता आलं की लगेच.
चंदना म्हणते, पानक सगळ्या गल्लीने प्यायलं आणि सगळे ठणठणीत आहेत. मग माझ्याच पेल्यात काहीतरी घातलं असणार.

८ एप्रिल
गिरीराज शहाळं घेऊन आला. बोलता बोलता सांगून गेला, मंडळाचं ठरलंय, पुढच्या वर्षीपासून कोसंबरी भाग्यलक्ष्मीअक्कांकडे. मी ताडकन उठून बसलो. तिच्याकडे का म्हणून?
भाग्यलक्ष्मी शांतपणे म्हणाली, "तुम्ही मांडवात गेल्यावर तुमचं पातेलं कंपोस्टच्या खड्ड्यात ओतलं. गल्लीने खाल्ली ती माझी."
डाळ तिने आदल्या रात्रीच वेगळी भिजवली होती. काकड्या प्यायच्या कॅनमधल्या पाण्याने धुतल्या. म्हणजे माझी कोसंबरी या गल्लीत मी एकट्यानेच खाल्ली.
वर तिने विचारलं, दोन्हींतली कुठली चांगली होती? मी ठणकावून सांगितलं, पहाटेची. आणि पुन्हा संडासाकडे पळालो.