रुंद पट्ट्याची म्होरकी

३ फेब्रुवारी, सोमवार

आणली! एकदाची आणली! काळं चामडं, बोटाएवढा बारीक पट्टा, पितळी बकलं. खोगीरवाल्याच्या दुकानात घोड्याच्या तोंडावर चढवायच्या अकरा म्होरक्या उलटसुलट करून पाहिल्या. शेवटी तो वैतागून म्हणाला, "ताई, शिंगराच्या डोक्यावर चढवायचीय की तुमच्या गळ्यात घालायचीय?"

घोड्यांचं प्रदर्शन बावीसला. ठमी दोन वर्षांची, म्हणजे खोगीर नाही, पाठीवर कुणी नाही. नुसती हातात दोर धरून परीक्षकांसमोर चालवायची, पळवायची, उभी करायची. मग त्यांना दिसणार काय? पाय, चाल आणि डोकं. आणि ठमीचं डोकं म्हणजे — नाजूक! कोरून काढल्यासारखं! बारीक पट्ट्यात ते कसं उठून दिसतं! आत्या म्हणते, "आपला तो बाब्या." म्हणू दे.

६ फेब्रुवारी

मैदानात चार फेऱ्या. नवी म्होरकी छान बसते. हिची आई गेली तेव्हा ही आठ दिवसांची होती. दर तीन तासांनी बाटलीने दूध पाजलंय मी हिला. आता पहिल्या नंबराशिवाय माझं समाधान होणार नाही.

९ फेब्रुवारी

तबेल्यात उभ्यानेच लिहितेय. अक्षर वाईट येईल, येऊ दे.

नालबंद आला होता, खूर तासायला. ठमीचा पाय मांडीवर घेऊन सहज म्हणाला, "पहिला नाल आता नव्या मालकाकडेच ठोकतील, नाही का?"

कोण नवा मालक?

त्याने कानस खाली ठेवली. "अरे देवा. तुम्हाला सांगितलं नाही होय?"

बाबांनी शब्द दिलाय! मिशीवाल्याला! टेकडीपलीकडे ज्याच्या चाळीस घोड्या आहेत, त्याला. ठमी पहिली आली तर तो तिला नेणार. दुसरी आली तर त्याला नको. पहिल्या नंबराखालचं जनावर तो दारात उभं करत नाही म्हणे.

आणि मी आठवडाभर बकलं घासत बसलेय!

१० फेब्रुवारी

बाबांना विचारलं. चहाचा कप खाली न ठेवता म्हणाले, "माझे गुडघे हे असे. तू दिवसभर नोकरीला. तिकडे तिला रान मोकळं मिळेल, सोबत मिळेल."

"मला विचारायचं तरी!"

"विचारलं असतं तर हो म्हणाली असतीस?"

आत्या स्वयंपाकघरातून ओरडली, "तुझा बाप मोडेल, पण शब्द मोडायचा नाही. उगाच डोकं आपटू नकोस!"

१२ फेब्रुवारी

मी जेवले नाही. ठमी पोटभर जेवली. तिला काय कळतंय!

१४ फेब्रुवारी

सुचलं.

तिला मुद्दाम वाईट चालवणं मला जमणार नाही. काल करून पाहिलं. दोराला हिसका दिला, तर तिने थांबून माझ्या खांद्यावर तोंड ठेवलं, जणू मलाच काही झालंय. लाजून मेले. चालायचं ती चांगलंच चालणार. पण डोक्यावर काय चढवायचं ते माझ्या हातात आहे!

अडगळीतून बाबांच्या जुन्या दांडग्या घोड्याची म्होरकी काढली. तपकिरी, जाडजूड, नाकावर तीन बोटं रुंद पट्टा. ठमीवर चढवली. ट्रंकेला पट्टा आवळल्यासारखी दिसली बिचारी. हसायला आलं आणि मग हसता हसता रडूच फुटलं. जिला दोन वर्षं सजवलं तिलाच मी विद्रूप करून नेणार.

पण हरलीस तर घरी राहशील ना गं!

१७ फेब्रुवारी

बाबांनी आज ती म्होरकी पाहिली. कुंपणाला टेकून बराच वेळ पाहत होते. मला वाटलं, आता पकडले गेले. पण ते वळून घरात गेले. वयाने नजर गेली असणार.

म्होरकी घासायची नाही, असं ठरवलं होतं. पण चामडं कोरडं पडून तिच्या गालाला लागलं असतं. म्हणून तेल लावलं. दोन भोकं जास्त पाडली. बस, इतकंच.

२२ फेब्रुवारी

पहिली आली.

पुन्हा लिहिते, मलाच खरं वाटत नाही. ठमी पहिली आली!

परीक्षकबाईंनी मला बाजूला घेतलं. "हिचं डोकं जरा मोठं आहे, हे तुम्ही ओळखलंत. रुंद पट्ट्याने नाकाची लांबी तुटते. बारीक घातली असती तर नुसतं डोकंच दिसलं असतं. नजर आहे हो तुम्हाला."

मोठं? ठमीचं डोकं मोठं?!

वळून पाहिलं. सगळी शिंगरं ओळीने उभी होती. आहे. मोठंच आहे. दोन वर्षं रोज बघतेय आणि एकदाही दिसलं नाही! माया करून निवडली ती म्होरकी साफ चुकीची होती आणि लबाडीने निवडली तीच नेमकी बरोबर. बारीकच घातली असती तर ती घरीच राहिली असती. माझी अक्कल कुठे शेण खायला गेली होती!

मिशीवाला हसत आला, बाबांचा हात धरून हलवत राहिला. उद्या गाडी पाठवतो म्हणाला.

परतताना गाडीत बाबा म्हणाले, "मी तुला सांगणार होतो, बारीक नको म्हणून. पण आपलाच मतलब आहे, कुठल्या तोंडाने सांगू? मग तूच रुंद काढलीस. पोरीने मन केवढं मोठं केलं, असं वाटलं मला."

काय सांगणार होते मी त्यांना? खिडकीबाहेर बघत बसले.

२३ फेब्रुवारी

गाडी सातला आली. ठमी गाडीत चढायच्या फळीवर पाय ठेवीना. दोन माणसांनी ओढलं, बाबांनी चारा दाखवला, मागून दोर टाकला. ती मागेच सरत होती. मनात म्हटलं, शाब्बास! मग त्यांच्यातल्या एकाने चाबूक काढला.

मी दोर हातात घेतला आणि सरळ गाडीत चालत गेले. मागे वळून पाहिलं नाही. ती लगेच माझ्यामागून चढली.