अलोऱ्याला नेलेले तांदूळ

रामनवमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ केली, देवाला फूल वाहिलं, घरचे जुने तांदूळ एका गोणीत भरले, तोंड सुतळीने बांधलं आणि एस.टी.ने चिपळूणवरून अलोऱ्याला माझ्या बहिणीकडे गेलो. माझ्या पश्चात कोणाला काय द्यायचं हे लिहिण्याआधी ही गोष्ट सांगून ठेवतो, कारण पुढच्या बऱ्याचशा मजकुराची सुरुवात त्या गोणीपासून झाली.

मी, सदानंद धोंडू शिवलकर, वय एकोणपन्नास, व्यवसाय आंब्याच्या लाकडी पेट्या तयार करणे, राहणार मौजे सडेकोंड, तालुका व जिल्हा रत्नागिरी, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाखाली न येता, हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. शस्त्रक्रिया जूनमध्ये कोल्हापूरला ठरली आहे. घाबरण्यासारखं काही नाही असं डॉक्टर म्हणतात आणि मीही घाबरलेलो नाही. पण सुतार लाकडाला करवत लावण्याआधी पेन्सिलने रेघ मारून घेतो. ही तशी रेघ आहे. पुढे कापणारा देव आहे, त्याचा हात माझ्यापेक्षा सरळ चालतो.

कलम एक. राहतं घर, पुढचं अंगण आणि विहिरीतला माझा हिस्सा माझी पत्नी उमा हिला मिळावा, आणि तिच्यानंतर आमची एकुलती एक मुलगी सानिका हिला. सानिका देवरूखला कॉलेजात शिकते. तिचं लग्न होईल, ती कुठेही जाईल. तिच्याकडून कोणीही कधीही हक्कसोडपत्र मागू नये. तिने आपण होऊन देऊ केलं तरी घेऊ नये. हे मी का लिहितो ते वाचणाऱ्याला पुढे कळेल.

कलम दोन. बँकेत जे काही असेल ते उमाचं. त्यातून माझ्या दिवसकार्यावर उधळपट्टी करू नये. पिंडाला कावळा शिवला नाही तर माझी कोणती इच्छा राहिली याचा तर्क करत उन्हात बसू नये. बहुतेक इच्छा या कागदात आहेत, त्या मोठ्याने वाचाव्यात.

कलम तीन. माझी हत्यारं, म्हणजे करवती, दोन रंधे, पटाशा आणि वडिलांची हातोडी, ग्रामदेवीच्या देवळात ठेवावीत. शिमग्याआधी पालखीची डागडुजी मी वयाच्या विसाव्या वर्षापासून करत आलो. पुढे जो करेल त्याने ती वापरावीत आणि परत देवळात ठेवावीत. मोठा रंधा डाव्या बाजूला ओढतो. तो त्याचा स्वभाव आहे, ठोकून सरळ करायला जाऊ नये.

कलम चार. कुंपणावरच्या काजूच्या झाडाबद्दल. माझा चुलतभाऊ राजाभाऊ, जो मुंबईला असतो, त्याचं म्हणणं ते झाड त्याच्या हद्दीत आहे. माझं म्हणणं ते माझ्या हद्दीत आहे. आम्ही दोघेही या झाडापायी तलाठ्याच्या दारात जाऊन आलो आणि तोवर काजू माकडांनी खाल्ले. हे झाड मी राजाभाऊला देतो. हरलो म्हणून नाही. त्याला आता माकडांशी भांडू दे.

कलम पाच. हे कलम वैशाखी पौर्णिमेच्या जेवणाचं आहे आणि ते थोडं लांबेल.

आमच्या शिवलकरांचे सगळे चुलते, चुलतभाऊ, लेकी, जावई, नातवंडं दर वर्षी मे महिन्यात पौर्णिमेला आमच्या घरी जमतात. कुलदेवाला नैवेद्य होतो आणि मग अंगणात पंगती बसतात. शंभराच्या आसपास पानं होतात. इतक्या माणसांचं जेवण आमच्यासारख्यांना झेपतं, कारण ते एका दिवसात केलं जात नाही. आईने घालून दिलेली ती रीत आहे. सोलकढीसाठी कोकमाचं आगळ आदल्या वर्षीच मीठ घालून बरणीत भरलेलं असतं. कैऱ्यांचं लोणचं चैत्रात पडतं. आंब्याची साठं पत्र्यावर वाळतात. आंबोळ्यांसाठी तांदूळ धुऊन, सावलीत वाळवून, उडीद आणि मेथी घालून महिनाभर आधी दळून ठेवतात, आदल्या संध्याकाळी भिजवतात. काळ्या वाटाण्याचं सांबारं आदल्या दिवशीच शिजवायचं, मुरल्यावर ते चांगलंच लागतं. आंबोळ्या पहाटे घालून केळीच्या पानांत रचून ठेवल्या की थंडही गोड लागतात. पौर्णिमेच्या दुपारी चुलीपाशी कोणालाच बसावं लागत नाही, सगळ्यांना सगळ्यांबरोबर जेवता येतं. वर्गणी नाही. ज्याच्याकडे जे पिकलं ते त्याने आणायचं. कोणी नारळ आणतो, कोणी फणस. ज्याच्याकडे काही पिकलं नाही तो पानं पुसतो आणि त्याचं पान इतरांइतकंच भरलेलं असतं.

याच रीतीतला एक नियम असा की, लग्न होऊन गेलेल्या लेकींनी त्या दिवशी चुलीला हात लावायचा नाही. त्या माहेरवाशिणी, त्यांना आधी वाढायचं. वर्षभर सासरी राबलेल्या बाईला एक दिवस बसून खाता यावं, असा त्यामागचा चांगला विचार होता. पण चांगला विचारसुद्धा वरचेवर पाहावा लागतो. लोणचं चांगलं पडलं म्हणून बरणीत डोकवायचं नाही असं नसतं.

माझी मोठी बहीण कमळा, जिला आम्ही अक्का म्हणतो, तिचे यजमान अलोऱ्याला वीजप्रकल्पाच्या वसाहतीत नोकरीला होते. ते निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडावं लागलं, आणि पुढे ते गेले. मूलबाळ नाही. अक्का तिथेच भाड्याच्या एका खोलीत राहते. वडील असताना, रिवाज म्हणून, तिने इथल्या जमिनीवरचा हक्क सही करून सोडला होता. स्टँप पेपर राजाभाऊने आणला होता आणि पेढेही त्यानेच आणले होते. अक्का त्या दिवशी पेढा खाऊन म्हणाली, "गोड हाय हो." कागद तिला कोणी वाचून दाखवला नव्हता.

मागच्या वर्षी पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी आंबोळ्यांचं पीठ भिजवून मागच्या मांगरात, पत्र्याखाली ठेवलं. मांगर म्हणजे चिऱ्याची, वर पत्रा घातलेली आमची मोठ्या स्वयंपाकाची जागा. अक्का पडवीत पाटावर बसली होती. तिथूनच म्हणाली, "सदू, पीठ पत्र्याखाली नको रे ठेवू. दिवसभराचा तापलेला पत्रा हाय. पडवीत आण, खाली ओला गोणपाट घाल."

उमा म्हणाली, "अक्का, तुम्ही बसा बघू. माहेरवाशिणीने चुलीकडचं बघायचं नसतं."

चुलत्या म्हणाल्या, "हिला कोणीतरी सरबत द्या गो!"

तिने उठायचं म्हटलं की कोणीतरी प्रेमाने हाताला धरून खाली बसवत होतं. मीही हसून म्हटलं, "अक्का, आज तुझा मान आहे." तिला सरबत मिळालं, पंखा मिळाला, उशी मिळाली. पिठाला मात्र पत्राच मिळाला. सकाळी मांगर उघडला तर पीठ तपेल्याबाहेर येऊन चुलीपर्यंत गेलेलं, आणि वास असा की कुत्रंही मागे फिरलं. सगळं माडांच्या मुळाशी ओतलं. इतकी माणसं असलेल्या घरात एका माणसाला ठाऊक होतं आणि तिला आम्ही मान देऊन गप्प बसवलं.

राजाभाऊने मग फोन करून शहरातून जेवणाचा टेंपो मागवला. जेवण वाईट नव्हतं. पण ताटामागे पैसे होते, आणि एका ताटाला किती पडले ते त्याने अंगणात उभं राहून सगळ्यांना सांगितलं. माझा दुसरा चुलतभाऊ लवू, जो मच्छीमार होडीवर खलाशी आहे, "पोट बरं नाय" असं म्हणून बायकोमुलांना घेऊन न जेवताच उठला. चौघांचंही पोट एकदम बिघडलं, असं कोणालाच वाटलं नाही. राजाभाऊ म्हणाला, "पुढच्या वर्षीपासून असंच करू. कोणाला त्रास नाही." मी नैवेद्याच्या पानासमोर बसलो होतो. देव काही बोलला नाही, पण त्याच्याही घशाखाली उतरलं नसावं.

निघताना अक्का मला म्हणाली, "पुढल्या वर्षी मी नाय येत. सदू, पाहुणी म्हणून पाटावर बसवण्यापेक्षा घरची म्हणून भांडी घासायला लावलं असतंस तर आले असते."

ते वाक्य मी वर्षभर पेट्यांना खिळे मारताना ऐकत होतो. झडपेचं कळल्यावर जास्तच ऐकू यायला लागलं. माणूस नसल्यावर काय होईल याचा विचार करताना मला माझ्या घरापेक्षा या जेवणाची काळजी वाटली, आणि जेवणापेक्षा अक्काची. ती पुन्हा आली नाही तर तिला माहेर राहणार नाही, आणि आम्हाला रीत राहणार नाही. म्हणून रामनवमीच्या दुसऱ्या दिवशी मी ती गोण घेऊन गेलो.

तिने दार उघडलं आणि आधी गोणीकडे पाहिलं. "माझ्याकडे तांदूळ नाय असं कोणी सांगितलं तुला?"

"खायला नाही आणले. पौर्णिमेच्या आंबोळ्यांसाठी आहेत. धुऊन वाळवून, दळून घेऊन ये."

"मेल्या, आमंत्रणाला चार अक्षता आणतात. तू गोण आणलीस?"

"आमंत्रण पाहुण्याला देतात. मी काम घेऊन आलोय."

मग तिने खाली बसून सुतळी सोडली, मूठभर तांदूळ हातात घेऊन वास घेतला, एक दाणा दाताखाली फोडला. "जुना हाय, बरा हाय. उडीद कुठे?"

"विसरलो."

"मेथी?"

"तीपण."

"मग आलास कशाला? जा, आधी बाजारात जाऊन ये, मग चहा मिळेल."

मी उडीद आणि मेथी आणायला गेलो. इतक्या वर्षांत तिने मला प्रथमच धाकट्या भावासारखं पळवलं. रस्त्यात मी देवाचे आभार मानले.

तरी या कलमान्वये माझी आज्ञा, किंवा विनंती समजा, अशी: हे जेवण बंद करू नये. वर्गणी लावू नये. माझ्या मरणाचं सुतक त्या दिवसांत आलं तर नैवेद्य राहू दे, पण माणसांना जेवू घालावं. चुलीला कोण हात लावणार हे ती बाई लेक आहे की सून यावरून ठरवू नये. ज्या लेकीला बसायचं असेल तिला मानाने बसवावं, जिला उठायचं असेल तिचा हात धरू नये. राजाभाऊला ताटामागे पैसे द्यायची हौस असेल तर त्याने नारळ आणावेत, ते नेहमीच कमी पडतात.

कलम सहा. या जागी मी पहिल्या मसुद्यात असं लिहिलं होतं की, माझ्या मृत्यूनंतर मागचा मांगर, त्याला लागून असलेली खोली, खालची जमीन आणि त्यातलं मोठं तपेलं, झारे, आंबोळ्या उलटायचे काविलथे, पाटा-वरवंटा हे सर्व माझी बहीण कमळा हिला मिळावं. उमा आणि सानिका यांना विचारूनच लिहिलं होतं. उमा म्हणाली, "मागच्या वर्षी मीच त्यांना बसवलं होतं. आता उठवायलाही मला विचारताय ते बरं झालं." मग तो मसुदा मी अक्काला वाचून दाखवला. ती पीठ घेऊन आली होती आणि पडवीत डबे लावत होती. तिने सगळं ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे मी तुझ्या मरणाची वाट बघत बसू? आणि तू मेलास की आनंदाने चुलीपाशी जाऊ?"

मी मसुदा घडी करून ठेवला. नंतर देवापुढे बसलो तेव्हा कळलं की ती बरोबर आहे. देणारा मेल्यावर मिळालेलं घर घेणारा माणूसही पाहुणाच. ज्याने बसवायचं तोच तिथे नसतो.

म्हणून परवा, शुक्रवारी, आम्ही दोघं रत्नागिरीला जाऊन आलो आणि मांगराची वर लिहिलेली सर्व मिळकत मी बक्षीसपत्राने तिच्या नावे नोंदवून दिली. आज सकाळी पूजा झाल्यावर मांगराची किल्ली तिच्या हातात दिली. तिने कुलूप काढलं, पहिल्याने तपेलं बाहेर आणून चिंचेने घासलं आणि मला म्हणाली, "पडवीतली जागा मोकळी कर. संध्याकाळी पीठ भिजवायचं हाय. गोणपाट ओला करून ठेव, नुसता बघत राहू नको."

गोणपाट ओला करून ठेवला आहे. कलम सहा रद्द. त्यात आता द्यायला काही उरलेलं नाही.

ज्याला मृत्युपत्राने काही मिळायचं आहे त्याने त्यावर साक्ष घालू नये, असं वकिलांनी सांगितलं होतं. या कागदाने अक्काला काहीच मिळत नाही. म्हणून तिला साक्षीला बोलावलं. तिने हात पदराला पुसले, कागद पूर्ण वाचून घेतला, आणि "सही या वेळी कशावर करते ते तरी कळतंय" एवढंच म्हणाली. लवू उद्याच्या जेवणासाठी आज सहकुटुंब आला आहे. त्याचं पोट उत्तम आहे. दुसरी साक्ष त्याची.

हे मी स्वतःच्या हाताने लिहिलं, वाचलं आणि खाली दोघांच्या समोर सही केली. मी कोल्हापूरहून परत आलो तर हा कागद पेटीत राहील आणि मी पुढच्या वर्षी पानं पुसेन. नाही आलो तर कोणीतरी पुसावीत.

ठिकाण: सडेकोंड, रत्नागिरी
दिनांक: ११ मे २०२५, वैशाखी पौर्णिमेचा आदला दिवस

सही: सदानंद धोंडू शिवलकर

साक्षीदार:

१. लवू तुकाराम शिवलकर, राहणार सडेकोंड

२. कमळा दत्ताराम गोरिवले, राहणार ~~अलोरे~~ सडेकोंड
(खाडाखोड माझ्या हातची, मान्य. कमळा)